भावविवश चित्रपट आणि विलंबित अभिज्ञान

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्या चित्रपटाच्या अखेरीस प्रेक्षागृहातील दिवे लागताच लोक डोळे पुसताना दिसतात, त्या चित्रपटाविषयी जाणकारांचे मत सहसा प्रतिकूल असते. अशा चित्रपटांना देशोदेशी जी नावे ठेवली जातात त्यांतही मोठे साम्य आहे. इंग्रजीत त्यांना अश्रू हिसकावून घेणारे म्हणतात. जपानी भाषेतील रूढ शब्दप्रयोगाचा अर्थ 'अश्रूंची याचना' असा होतो. जपानी रंगभूमीच्या एका शाखेवरून आलेला 'सिन्पा' हा शब्द कोरियात आज रडक्या कलाकृतीस उद्देशून तुच्छतेने वापरला जातो. आणि मराठी माणूस 'रडका सिनेमा' एवढे म्हणून मोकळा होतो. तात्पर्य, अशा चित्रपटांची आवड जितकी सार्वत्रिक आहे, तितकीच त्या आवडीची लाजही सार्वत्रिक आहे.

प्रस्तुत लेखात 'भावविवश चित्रपट' ही संज्ञा एका मर्यादित अर्थाने योजिली आहे. करुणा व वात्सल्य जागविणे हे ज्याचे उघड प्रयोजन आहे, सज्जन आणि दुर्जन यांची ओळख जो प्रथमपासूनच करून देतो, योगायोगाचा जो संकोच बाळगत नाही आणि मोक्याच्या क्षणी वाद्यवृंदाचा आश्रय घेण्यास जो कचरत नाही, असा चित्रपट येथे अभिप्रेत आहे. असा चित्रपट भाबडा असतो हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, हा भाबडेपणा ओळखूनही निरनिराळ्या संस्कृतींतील प्रेक्षक त्यात का रमतात?

२. दोन प्रचलित उपपत्ती

या प्रश्नास सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, हा प्रेक्षक अशिक्षित व भोळा असतो आणि खोटे त्याला खरे वाटते. याच उत्तराला कधी राष्ट्रीय स्वभावाची पुस्ती जोडली जाते: पौर्वात्य समाज भावनाप्रधान, पाश्चात्त्य समाज संयमी. ही समजूत तपासून पाहण्यास एक साधन उपलब्ध आहे. सदतीस देशांतील प्रौढ व्यक्तींनी आपल्या रडण्याविषयी दिलेल्या माहितीचे विश्लेषण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अधिक रडल्याचे सांगणारे लोक प्रामुख्याने संपन्न, लोकशाहीप्रधान आणि अभिव्यक्तीस मोकळीक देणाऱ्या देशांतले आढळले. हे निष्कर्ष स्वकथनावर आधारलेले आहेत व त्यांचा विषय एकंदर रडणे हा आहे, केवळ चित्रपट पाहताना येणारे रडणे नव्हे. तथापि 'भावुक पूर्व' व 'संयमी पश्चिम' ही सोयीची विभागणी त्यापुढे टिकत नाही, एवढे निश्चित.

दुसरे उत्तर विरेचनाचे. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेसंबंधी केलेले विधान लोकव्यवहारात 'रडले की हलके वाटते' अशा रूपाने रूढ झाले आहे. या समजुतीची प्रायोगिक परीक्षा नेदरलँड्समधील संशोधकांनी केली व तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. साठ व्यक्तींना 'ला व्हीता ए बेल्ला' (१९९७) अथवा 'हाची' (२००९) हा चित्रपट दाखविण्यात आला. त्यांतील अठ्ठावीस जण रडले, बत्तीस रडले नाहीत. चित्रपट संपताच न रडलेल्यांच्या मनःस्थितीत फरक दिसला नाही. रडलेल्यांची मनःस्थिती मात्र पूर्वीपेक्षा खालावली होती. वीस मिनिटांनी ती पूर्वपदावर आली आणि नव्वद मिनिटांनी चित्रपटापूर्वी होती त्याहूनही बरी झाली. म्हणजे रडण्याने हलके वाटते ही समजूत सर्वस्वी खोटी नाही; पण तो लाभ उशिरा पदरात पडतो. प्रेक्षक मात्र चित्रपट चालू असतानाच, कंठ दाटून आलेला असतानाच, तो आवडत असल्याचे सांगतो. त्या तात्कालिक आस्वादाचे स्पष्टीकरण विरेचनाने होत नाही.

३. विलंबित अभिज्ञान

तेव्हा प्रेक्षकाच्या स्वभावाकडून कथेच्या रचनेकडे वळले पाहिजे. प्रेक्षक नेमका कोणत्या क्षणी रडतो? केवळ संकट कोसळले म्हणून तो रडत नाही; त्या वेळी त्याला भीती वाटते वा संताप येतो. तो बहुधा रडतो तो एखाद्या पात्राला सत्य उमगते त्या क्षणी, आणि विशेषतः ते उशिरा उमगते तेव्हा. इटालियन समीक्षक फ्रँको मोरेत्ती याने मुलांसाठी लिहिलेल्या कथांच्या संदर्भात १९८३ मध्ये हा मुद्दा मांडला. कथेतील पात्राचा दृष्टिकोन प्रेक्षकास आधीपासून ठाऊक असलेल्या सत्याशी येऊन मिळतो, पण त्याचा उपयोग होण्याची वेळ टळून गेलेली असते. अश्रू याच संधीवर येतात. स्टीव्ह नील याने १९८६ मध्ये हेच विवेचन चित्रपटास लागू केले.

आपल्याकडे या घटनेला 'अभिज्ञान' हा समर्पक शब्द आहे. शाकुंतलात दुर्वासाचा शाप प्रेक्षकाला ठाऊक असतो, दुष्यंताला नसतो. राजा शकुंतलेला नाकारतो तेव्हा मुद्रिका नदीत पडलेली असते, आणि कोळ्याकडून ती राजापर्यंत येते तेव्हा शकुंतला दूर गेलेली असते. ज्ञानातील ही तफावत आणि ती भरून निघण्यास होणारा विलंब या दोहोंवर त्या नाटकातील शोकाचा भार आहे. भावविवश चित्रपट हेच साधन वापरतो. फरक आहे तो सूक्ष्मतेचा, तत्त्वाचा नव्हे. या रचनेला आपण 'विलंबित अभिज्ञान' म्हणू.

दोन उदाहरणे पाहू. किंग व्हिडॉर दिग्दर्शित 'स्टेला डॅलस' (१९३७) या अमेरिकी चित्रपटातील आई अल्पशिक्षित, भडक वेषभूषेची आवड असलेली व कामगारवर्गातून आलेली आहे. आपल्या सहवासामुळे मुलीला वरच्या समाजात स्थान मिळणार नाही हे उमगल्यावर ती आपल्याला मुलगी नकोशी झाल्याचे सोंग करते. मुलगी दुखावून वडिलांच्या घरी जाते. अखेरीस मुलीच्या विवाहाच्या वेळी आई रस्त्यावर, पावसात, कुंपणापाशी उभी राहून खिडकीतून तो सोहळा पाहते. घरातील एकच स्त्री, वडिलांची दुसरी पत्नी, तिचे मन जाणते आणि तिने खिडकीचे पडदे उघडे ठेवविलेले असतात. दुसरे उदाहरण राज कपूरच्या 'आवारा'चे (१९५१). त्यात न्यायाधीश आपल्या पत्नीला संशयावरून घराबाहेर काढतो. पुढे ज्या आरोपीविरुद्ध तो न्यायालयात उभा राहतो, तो त्याचाच मुलगा आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि पित्याला ठाऊक नसते.

या दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाला एक विशिष्ट अधिकार प्राप्त होतो. ज्या व्यक्तीची योग्यता जगाने ओळखली नाही ती त्याने ओळखलेली असते. कथेत तो हस्तक्षेप करू शकत नाही. पण साक्षीदार होऊ शकतो. त्याचे अश्रू ही त्या साक्षीची खूण होय. अंगावर पडलेले काम मुकाट्याने करणारी, श्रेय न मिळालेली, गैरसमज होऊनही खुलासा न केलेली माणसे प्रत्येक घरात असतात, आणि कित्येकदा त्या माणसांत आपणही असतो. त्यांना मान्यता देण्याचा प्रसंग प्रत्यक्ष जीवनात क्वचितच येतो. भावविवश चित्रपट तो प्रसंग घडवून आणतो. त्यापासून होणारा आनंद हा दुःखाचा आनंद नव्हे. उशिरा का होईना, न्याय झाल्याचा तो आनंद आहे.

अशा चित्रपटांवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचाही या दृष्टीने उलगडा होतो. 'शेवट आधीच कळतो' हा आक्षेप खरा आहे. पण आधी कळणे हीच येथे पूर्वअट आहे. प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक ठाऊक नसेल तर विलंब जाणवणारच नाही. 'सर्व काही उघड करून सांगितले जाते' हा आक्षेपही खरा आहे. पीटर ब्रुक्स याने १९७६ मधील आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, फ्रेंच राज्यक्रांतीनंतर धर्मपीठ व राजसत्ता यांचे नैतिक प्रामाण्य ढळले, आणि साध्या माणसाचे सद्गुण सर्वांदेखत सिद्ध करून दाखविण्याची गरज पुरविणारे नाटक म्हणून मेलोड्रामा उदयास आला. पिक्सेरेकूर याच्या 'सेलीना' (१८००) या आरंभीच्या गाजलेल्या नाटकात नायिकेचा खरा पिता मुका आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्याला आपली बाजू मांडता येत नाही त्याच्या वतीने बोलणे हे या प्रकाराचे मूळचेच काम आहे. तेथे संगीत व हावभाव यांचा अतिरेक होणे स्वाभाविक होते.

४. एक कथा, तीन देश

रचना समान असेल तर संस्कृतीभेद कोठे राहिला, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर एका कथेच्या प्रवासातून मिळू शकेल. टोकियोच्या शेतकीशास्त्राचे प्राध्यापक उएनो यांचे १९२५ मध्ये अकस्मात निधन झाले. त्यांचा हाचिको नावाचा कुत्रा त्यानंतर १९३५ मध्ये मरेपर्यंत शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाहत राहिला. विलंबित अभिज्ञानाचे याहून शुद्ध रूप कल्पिता येणार नाही. सत्य सर्वांना ठाऊक आहे. ज्याला कळावयास हवे त्याला ते कोणी सांगूच शकत नाही, आणि तो मुका आहे.

परंतु या घटनेचा अर्थ कोणी कसा लावला ते पाहिले पाहिजे. जपानमध्ये १९३४ साली, कुत्रा जिवंत असतानाच, स्थानकासमोर त्याचा पुतळा उभारण्यात आला. पुढील वर्षी नीतिपाठाच्या शालेय पुस्तकात त्याची कथा समाविष्ट झाली. त्या पाठाचे शीर्षक 'उपकार विसरू नका' अशा अर्थाचे होते. तेथे मूळ शब्द 'ओन' हा आहे. वरिष्ठाने केलेल्या उपकाराचे कनिष्ठाच्या शिरावर राहणारे ऋण, अशी ही जपानी नीतिविचारातील मध्यवर्ती कल्पना. म्हणजे हाचिकोची प्रतीक्षा हे ऋणमोचन ठरले, आणि त्या काळातील जपानी राज्यसत्तेला ते आदर्श प्रजाजनाचे चित्र म्हणून उपयोगीही पडले. पुढे युद्धकाळात धातूच्या टंचाईमुळे तो पुतळा वितळविण्यात आला. १९४८ मध्ये नवा उभारला गेला. त्यानंतरचा 'हाचिको मोनोगातारी' हा जपानी चित्रपट १९८७ मधला.

अमेरिकेत २००९ मध्ये हीच कथा 'हाची' या नावाने लासे हाल्स्ट्रोम याने चित्रित केली. तेथे स्थळ न्यू इंग्लंडमधील लहानसे गाव आहे. प्राध्यापक आणि कुत्रा यांचे नाते स्वामिसेवकाचे न राहता सख्याचे झाले आहे. ऋणाची कल्पना मावळून तिच्या जागी स्वेच्छेने केलेले प्रेम आले आहे, आणि मरणाच्या वेळी कुत्र्याला धन्याची पुनर्भेट घडल्याचे दृश्य त्या प्रेमाचे फळ म्हणून दाखविले आहे. चीनमध्ये २०२३ साली निघालेल्या आवृत्तीत कथा चोंगछिंग शहरात घडते, कुत्रा तेथील गावठी जातीचा आहे, आणि तो आगगाडीच्या स्थानकावर नव्हे तर नदी ओलांडणाऱ्या रज्जुमार्गाच्या स्थानकावर वाट पाहतो. वेगाने पालटणाऱ्या शहरात एकच प्राणी आपली जागा सोडत नाही, असा अर्थ तेथे मुख्य झाला आहे.

तीनही ठिकाणी प्रेक्षक जवळजवळ त्याच क्षणी रडतो. परंतु एके ठिकाणी तो कृतज्ञतेला मान देतो, दुसऱ्या ठिकाणी प्रेमाला आणि तिसऱ्या ठिकाणी स्थैर्याला. यावरून प्रस्तुत लेखकाचे प्रतिपाद्य असे मांडता येईल: अभिज्ञानाची रचना सार्वत्रिक आहे, ज्या ऋणाचे अभिज्ञान व्हावयाचे ते ऋण मात्र त्या त्या समाजाचे असते.

५. चित्रपटांचा प्रवास

हे सूत्र मान्य केल्यास काही चित्रपट परक्या समाजात का रुजतात हे समजू लागते. 'आवारा' १९५४ मध्ये सोव्हिएत संघात प्रदर्शित झाला व सहा कोटींहून अधिक तिकिटांची विक्री झाली. तेथील कित्येक समीक्षकांना हिंदी चित्रपटांची ही लोकप्रियता खटकत राहिली. प्रेक्षकांनी त्यांचे ऐकले नाही. त्याच सुमारास, सोव्हिएत संघाशी १९४८ मध्ये फारकत झालेल्या युगोस्लाव्हियात मेक्सिकोचे चित्रपट मोठ्या संख्येने आले. एमिलिओ फर्नांदेस याचा 'उन दिआ दे व्हीदा' (१९५०) तेथे इतका गाजला की, मेक्सिकन धाटणीची गाणी स्थानिक गायक आपल्या भाषेत गाऊ लागले. मृत्युदंड झालेला क्रांतिकारक सैनिक आणि त्याची आई यांची ती कथा आहे. अगणित तरुण गमावून नुकतेच युद्धातून बाहेर पडलेल्या समाजास त्या आईची ओळख करून देण्याची गरज नव्हती. मेक्सिको कोठे आहे हे ठाऊक नसले तरी चालण्यासारखे होते.

उत्तर नायजेरियातील कानो या शहराचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. ब्रायन लार्किन याने १९९७ मध्ये लिहिलेल्या निबंधात तेथील हौसा भाषक मुसलमान प्रेक्षकांच्या हिंदी चित्रपटांविषयीच्या ओढीचा विचार केला आहे. त्यांना हिंदी भाषा अवगत नव्हती आणि चित्रपटांतील देवदेवतांशी त्यांचा संबंध नव्हता. परंतु वडीलधाऱ्यांची आज्ञा व स्वतःची निवड यांत सापडलेले तरुण, कुटुंबाची अब्रू आणि विवाहाचे प्रश्न ही त्यांच्या घरातलीच प्रकरणे होती. पाश्चात्त्य चित्रपटांत ती क्वचित भेटत. ज्या ऋणांतून आपण मुक्त झालेलो नाही त्याच ऋणांत गुंतलेली माणसे पडद्यावर दिसणे, हे भाषेच्या परिचयापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरले.

स्वदेशातही हा नियम लागू पडतो. विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' (१९९१) हा मराठी चित्रपट 'बाई चली सासरिए' (१९८८) या राजस्थानी चित्रपटावर बेतलेला होता व १९९४ मध्ये तीच कथा हिंदीत 'साजन का घर' या नावाने आली. जन्मतःच आई गमावलेली आणि त्याच कारणाने पित्याच्या रोषास पात्र झालेली मुलगी ही या कथेची नायिका. जेथे मुलीने लग्नानंतर घर सोडावयाचे असते आणि माहेराहून येणारी साडी ही तिला अजून आपली मानतात याची खूण असते, तेथे या शीर्षकातील दोन शब्द पुरेसे होतात. राजस्थानातून महाराष्ट्रात येताना कथेला फार मोठा वळसा घ्यावा लागला नाही, कारण दोन्हीकडील मुलीचे येणे सारखेच थकलेले होते.

६. रसविचाराच्या दृष्टीने

करुण रसापासून आनंद कसा, हा आपल्या साहित्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. विश्वनाथाने साहित्यदर्पणात असा युक्तिवाद केला की, करुण दुःखद असता तर त्याकडे कोणी वळले नसते. याउलट नाट्यदर्पणकार रामचंद्र व गुणचंद्र यांनी काही रस सुखात्मक व काही दुःखात्मक मानले. आपल्याकडे न. चिं. केळकर यांनी बडोदे येथील साहित्य संमेलनात १९२१ साली 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. स्वतःचे भान न गमावता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणे यात आनंद आहे, असे तिचे सार सांगता येईल.

या परंपरेत भावविवश चित्रपटास खरी अडचण येते ती अभिनवगुप्तापाशी. रसास्वादाच्या विघ्नांत तो प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होण्याची गणना करतो. साधारणीकरण होण्यासाठी भाव व्यक्तिसंबंधातून मुक्त झाला पाहिजे. 'माहेरची साडी' पाहताना रडणारी स्त्री तर आपल्याच माहेरासाठी रडत असते. अभिनवगुप्ताच्या निकषाने हा रसास्वाद नव्हे.

तथापि येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ती स्त्री एकटी रडत नाही. शेजारच्या खुर्चीवरचीही रडत असते, आणि दोघींनाही ते कळते. जे दुःख घरात बोलण्याची सोय नव्हती ते आपल्या एकटीचे नाही, हा शोध तिला त्या अंधारात लागतो. भाव व्यक्तिसंबंधातून सुटला नसला तरी तो अनेकींचा झाला आहे. हेही एक प्रकारचे साधारणीकरणच नव्हे काय? आधुनिक मानसशास्त्रातील काही निष्कर्ष या तर्कास पूरक आहेत. २०१४ मधील एका जर्मन अभ्यासात, चित्रपटातील दुःख प्रेक्षकास आवडते ते 'हेलावून जाणे' या अनुभवाच्या द्वारे, असे आढळले. रॉबिन डनबार व सहकारी यांनी २०१६ मध्ये दाखविले की, करुण चित्रपट एकत्र पाहून ज्यांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढली, त्यांची सहप्रेक्षकांविषयीची आपुलकीही वाढलेली होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एकोणीस देश व पंधरा भाषा यांत केलेल्या अभ्यासात डोळे भरून येणे, अंगावर रोमांच उभे राहणे व छातीत ऊब जाणवणे हा लक्षणसमूह सर्वत्र आढळला. त्या संशोधकांनी या भावनेस संस्कृतातून घेतलेले 'काम मूत' हे नाव दिले आहे, आणि स्नेहबंध एकाएकी दृढ होणे हे तिचे कारण मानले आहे. आपल्या आचार्यांनी रोमांच व अश्रू यांना सात्त्विक भावांत एकत्र बसविले होते, याचे येथे स्मरण होते.

७. मर्यादा आणि निकष

वरील विवेचनाचा अर्थ भावविवश चित्रपटाची वकिली असा कोणी घेऊ नये. अभिज्ञान विलंबाने येते यातच त्याचा धोकाही आहे. सासरी छळ सोसणाऱ्या मुलीची थोरवी सर्वांना पटते, पण ती पटावी म्हणून तिला आधी सर्व सोसावे लागते. 'स्टेला डॅलस'विषयी ई. ॲन कॅप्लन व लिंडा विल्यम्स यांच्यात १९८०नंतरच्या दशकात जो वाद झाला तो नेमका याच ठिकाणचा आहे. कॅप्लन यांच्या मते चित्रपट प्रेक्षक स्त्रीला आईचा आत्मलोप योग्य मानावयास शिकवितो. विल्यम्स यांच्या मते प्रेक्षक स्त्री एकाच वेळी अनेक पात्रांच्या बाजूने पाहत असते. ती रडते, आणि या त्यागाची किंमत काय पडली तेही तिला दिसते. दोन्ही मतांत तथ्य आहे. हाचिकोच्या कथेवर बालकही रडते आणि सत्ताही तिचा पाठ करून घेते, हे आपण पाहिलेच आहे.

म्हणून 'हा चित्रपट रडवितो काय?' हा प्रश्न समीक्षकाने सोडून द्यावा. त्याचे उत्तर रचनेतच आहे आणि त्यात प्रेक्षकाला लाज वाटण्याजोगे काही नाही. विचारावयाचे ते असे की, चित्रपटाने कोणाचे ऋण ओळखले, आणि ते फेडण्याचे काम कोणावर सोपविले? ऋणको मरणशय्येपाशी हात जोडतो आणि तेथेच हिशेब पुरा झाला असे जर प्रेक्षकाला वाटावयास लावले असेल, तर तो चित्रपट अप्रामाणिक आहे, मग त्याची कारागिरी कितीही संयत असो. उलट अश्रू पुसून घरी गेलेल्या प्रेक्षकाला स्वतःच्या स्वयंपाकघरात अजून हयात असलेली एखादी स्टेला दिसू लागली, तर त्या चित्रपटातील योगायोग व वाद्यवृंद क्षम्य मानावे लागतील.

या विषयात मराठीतून करण्याजोगे काम पुष्कळ आहे. १९५३ मधील 'श्यामची आई'पासून पुढील मराठी चित्रपटांत कोणकोणती ऋणे ओळखली गेली, कोणती सुटली, आणि ज्यांनी हे चित्रपट प्रेक्षागृहांत पाहिले त्या वृद्ध स्त्रियांना नेमके काय आठवते, यांची नोंद त्या स्त्रिया आपल्यात आहेत तोवरच करता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ती उशीर होण्यापूर्वी हाती घ्यावी.